‘थर्ड डिग्री’ ऐकून घाबरलेल्या मावशी, आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले की अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा असतो, आणि लगेच दुसऱ्या विषयावर वळले. ती एक ओळ महागात पडली. आपल्याकडे आता ज्याच्या त्याच्या घरातलं एखादं पोर तिकडे आहेच, त्यामुळे या महिन्यात बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आलीत. आधीच सांगून टाकते, मी अठ्ठावीस वर्षं एमजी रोडच्या कोर्टात पेश्या केल्यात, अमेरिकेत एक दिवसही वकिली केलेली नाही. माझी भाची तिकडे एका वकिलाच्या ऑफिसात आहे, तिला मी आपल्या सकाळी म्हणजे तिच्या रात्री फोन करून पिडते, आणि तिकडच्या राज्यांचे कायदे नेटवर फुकट वाचायला मिळतात ते चष्मा लावून वाचते. ज्याची केस खरंच चालू आहे त्याने तिथलाच वकील करायचा, हे पान दाखवून जजशी भांडायचं नाही.

प्रश्न: ताई, माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत एमएस करतोय. दुकानात सेल्फ चेकआउटला काही सामान स्कॅन न करता पिशवीत टाकलं म्हणून पकडला गेला. बहीण फोनवर रडत म्हणाली, त्याला थर्ड डिग्री लागलीये. आमच्या ह्यांनी ते ऐकलं आणि मटकन खालीच बसले, म्हणाले पोलीस मारतायत पोराला. दोन दिवस आम्ही कोणी धड जेवलो नाही. मग कळलं की मारलं वगैरे काही नाही, तो रूमवरच आहे. मग हे थर्ड डिग्री आहे तरी काय?
— एक मावशी, सुदामानगर, इंदूर

उत्तर: मावशी, ह्यांची काही चूक नाही. आपल्याकडे थर्ड डिग्री म्हटलं की पट्टा आणि बर्फाची लादीच डोळ्यांसमोर येते. तिकडे ती गुन्ह्याची पायरी आहे. आणि गंमत बघा, आपण फर्स्ट क्लासचे पेढे वाटतो, तिकडे फर्स्ट डिग्री म्हणजे सगळ्यात वाईट. जितका आकडा मोठा तितका गुन्हा हलका.

न्यू जर्सीचं अजून एक वेगळेपण म्हणजे ‘फेलनी’, म्हणजे साधारण मोठा गुन्हा, हा शब्दच त्यांच्या कायद्यात नाही. ते नुसतं ‘क्राइम’ म्हणतात आणि त्याच्या चार पायऱ्या. पहिलीला १० ते २० वर्षं, दुसरीला ५ ते १०, तिसरीला ३ ते ५, चौथीला जास्तीत जास्त १८ महिने. त्याच्याही खाली ‘डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स’ नावाचा प्रकार, त्याला जास्तीत जास्त सहा महिने, आणि ती केस गावच्या छोट्या म्युनिसिपल कोर्टात चालते.

दुकानातल्या चोरीत कुठली पायरी लागणार ते मालाच्या किमतीवर ठरतं. २०० डॉलरच्या आत असेल तर डिसऑर्डरली, २०० ते ५०० चौथी, ५०० च्या वर थेट ७५,००० पर्यंत तिसरी. म्हणजे ६०० डॉलरचा माल आणि ६०,००० डॉलरचा माल एकाच पायरीवर. मला हे अजब वाटतं, पण आहे असं.

तुम्ही पाठवलेला तक्रारीच्या कागदाचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. एक हेडफोन, दोन जॅकेट, ब्लेडची तीन पाकिटं, बेरीज ६१२ डॉलर. थर्ड डिग्री या ११२ डॉलरमुळे लागलीये. आता नीट ऐका. तिथल्या कायद्यात किंमत म्हणजे दुकानाने लावलेली किंवा जाहीर केलेली किंमत. पोरगा म्हणतोय ना की जॅकेटवर सेलची पाटी होती, मग सेलचा भाव लावून बेरीज किती होते हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारायला सांगा, पाटीचा फोटो असेल तर उत्तम. बेरीज ५०० च्या आत आली तर चौथी पायरी. आणि पहिलीच वेळ असेल तर सरकारी वकील कधी कधी स्वतःहून केस खाली उतरवून म्युनिसिपल कोर्टात पाठवतात, त्यासाठी बोलणी करावी लागतात आणि ती वकीलच करू शकतो. तसंही पहिल्याच गुन्ह्यात तिसऱ्या-चौथ्या पायरीला शक्यतो तुरुंगात टाकायचं नाही असंच तिथल्या कायद्याचं धोरण आहे, त्यामुळे ३ ते ५ वर्षं हा आकडा बघून बहिणीने उपास धरायची गरज नाही. दुकानातल्या चोरीला पहिल्या वेळी निदान १० दिवस समाजसेवा मात्र करावी लागते, ती टळत नाही.

पण मावशी, खरी भीती तुरुंगाची नाहीचे. पोरगा स्टुडंट व्हिसावर आहे. राज्याचं कोर्ट एका फुटपट्टीने मोजतं आणि इमिग्रेशनवाले स्वतःची वेगळी फुटपट्टी काढतात. चोरी त्यांच्या लेखी सहसा ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा, आणि असा गुन्हा नावावर असला की पुढे व्हिसा मिळताना अडचण. त्यात एक सवलत आहे. असा गुन्हा आयुष्यात एकच असेल, त्या गुन्ह्याला कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतच शिक्षा लिहिलेली असेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेली नसेल, तर किरकोळ म्हणून सोडतात. आता हिशोब करा. १९० डॉलरची चोरी, डिसऑर्डरली, कायद्यात सहा महिने, सवलतीत बसली. २१० डॉलरची चोरी, चौथी पायरी, कायद्यात १८ महिने, सवलत गेली, मग भले जजने नुसता दंड करून सोडलं असू दे. वीस डॉलरचा फरक, आणि हीच २१० डॉलरची चोरी टेक्सासात केली असती तर ‘क्लास बी मिसडिमिनर’, म्हणजे फेलनीपेक्षा खालचा गुन्हा, जास्तीत जास्त १८० दिवस, म्हणजे सवलतीत आरामात. टेक्सास कडक आणि न्यू जर्सी मवाळ असं जे सगळे डोक्यात धरून बसलेत ना, त्यांना हे सांगून बघा.

अजून एक. रूमवरची बाकीची पोरं नक्की सांगत असतील की अरे कबूल करून टाक, दंड भर, केस डिसमिस होते, कोणाला कळणारे. हा सल्ला अजिबात ऐकायचा नाही. गुन्हा आधी कबूल करून मग काही महिन्यांनी केस डिसमिस होते अशा योजना तिथे आहेत, राज्याच्या कागदावर मग काही उरत नाही, पण कबुली दिली आणि त्यावर काही बंधन किंवा दंड लागला की इमिग्रेशनच्या कायद्यात ती शिक्षाच धरतात. ज्या योजनेत कबुली न देता प्रोबेशनसारखं, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली, राहून केस मिटते ती वेगळी, ती मिळते का ते बघायचं. २०१० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅडिया विरुद्ध केंटकी या निकालात सांगितलंय की परदेशी अशिलाला कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा पोराने वकिलाला सरळ विचारावं, सर, माझ्या व्हिसाचं काय होईल? लाजायचं काय त्यात, फी देतोय.

प्रश्न: फेलनी म्हणजे मोठा गुन्हा आणि मिसडिमिनर म्हणजे किरकोळ, एवढं समजलं की झालं ना? उगाच कशाला गुंतागुंत?
— राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: झालं असतं तर मी हे पान कशाला लिहिलं असतं! साधारण नियम असा की एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते ती फेलनी, एक वर्ष किंवा कमी ते मिसडिमिनर. केंद्राच्या कायद्यात हे अगदी चोख आहे. पण राज्यांमध्ये या. मेरीलँडमध्ये सेकंड डिग्री असॉल्ट, म्हणजे आपल्याकडची मारहाण समजा, हा मिसडिमिनर आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमिनरला ५ वर्षांपर्यंत. आणि ओहायोत पाचव्या दर्जाची फेलनी, नाव फेलनीच बरं का, तिला ६ ते १२ महिने. सांगा आता किरकोळ कुठलं.

मेन राज्याने तर दोन्ही शब्द काढूनच टाकले, तिथे क्लास ए ते क्लास ई एवढंच. हे शब्द मुळात इंग्लंडच्या जुन्या कायद्यातले, तिकडे फेलनी केली की जमीनजुमला जप्त व्हायचा. जप्ती गेली, नाव राहिलं. आपल्याकडे कसं, तहसील ऑफिस हलतं पण लोक त्या चौकाला तहसील चौकच म्हणतात.

प्रश्न: मॅडम, मुलगा शिकागोला होता, आता नोकरीसाठी टेक्सासला जातोय. तिकडे कायदा कडक आहे असं ऐकतो. नेटवर क्लास ए, क्लास बी, क्लास एक्स असं काय काय वाचलं आणि डोकं गरगरलं. सगळ्यात कडक राज्य कोणतं ते एकदा सांगा म्हणजे मी निवांत होतो. मुलगा सरळ आहे, फक्त शनिवारी मित्रांबरोबर थोडी घेतो.
— एक वडील, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: काका, ‘फक्त’ या शब्दाकडे आपण शेवटी येऊ.

आधी ते क्लासचं. समजा कोणी तुम्हाला सांगितलं की अमुक माणसाला क्लास सी फेलनी लागली. वॉशिंग्टन राज्यात त्याचा अर्थ जास्तीत जास्त ५ वर्षं. न्यूयॉर्कमध्ये १५ पर्यंत. विस्कॉन्सिनमध्ये ४० पर्यंत! अक्षर तेच, ‘सी’. कारण विस्कॉन्सिनची शिडी ए पासून आय पर्यंत लांबलचक, नऊ पायऱ्यांची, तिथे सी म्हणजे वरून तिसरी. वॉशिंग्टनची शिडी तीनच पायऱ्यांची, तिथे सी म्हणजे सगळ्यात खालची. आकड्यांचंही तेच. क्लास फोर व्हर्जिनियात २ ते १० वर्षं, तुमच्या शिकागोच्या इलिनॉयमध्ये १ ते ३. व्हर्जिनियात क्लास वन म्हणजे जन्मठेप, इलिनॉयमध्ये क्लास वन म्हणजे ४ ते १५ वर्षं, कारण इलिनॉयने वनच्याही वर क्लास एक्स नावाचं एक खास खातं काढलंय, ६ ते ३० वर्षं आणि त्यात प्रोबेशनच नाही. तुम्ही एक्स वाचून घाबरलात ते बरोबरच घाबरलात.

कॅलिफोर्नियात क्लासबिस काही नाही, ज्या त्या कलमात शिक्षा लिहिलेली, आणि फेलनी आहे पण शिक्षा लिहिलेली नाही असं असेल तर १६ महिने, २ वर्षं किंवा ३ वर्षं, तीनातलं एक. शिवाय तिथे काही गुन्हे चक्क तळ्यात-मळ्यात असतात, सरकारी वकिलाने किंवा जजने ठरवायचं की याला फेलनी म्हणायचं की मिसडिमिनर. खरंच असं आहे, मी भाचीला दोनदा विचारलं. नॉर्थ कॅरोलायनात १९९४ पासून एक तक्ता आहे, उभ्यात गुन्ह्याचा वर्ग, आडव्यात आरोपीचे जुने रेकॉर्ड, बोट ठेवायचं की शिक्षेचा आकडा सापडतो, आपल्या रेल्वेच्या जुन्या भाड्याच्या तक्त्यासारखं. आणि पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी व्हायच्या आधी सुटका, तिथे बंद.

टेक्सासात कॅपिटल, म्हणजे मृत्युदंडापर्यंत जाणारी फेलनी, सोडली तर फर्स्ट डिग्री ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप, सेकंड २ ते २०, थर्ड २ ते १०, आणि खाली ‘स्टेट जेल फेलनी’, १८० दिवस ते २ वर्षं. ऐकायला भयंकर. पण चोरी फेलनीत जायला टेक्सासात २,५०० डॉलरचा माल लागतो, आणि तुमच्या इलिनॉयमध्ये दुकानातून ३०० च्या वरचा माल उचलला की फेलनी. मग कडक कोण? गुन्हा कुठला ते सांगितल्याशिवाय याला उत्तर नाही.

मवाळ म्हणवणाऱ्या कॅलिफोर्नियाची एक गोष्ट ऐका. १९९४ मध्ये तिथे ‘तीन वेळा चुकलास की संपलं’ असा कायदा आला. एका माणसाने पँटमध्ये गोल्फच्या तीन काठ्या लपवून दुकानाबाहेर काढल्या, एकेक साधारण ४०० डॉलरची. आधीचे गंभीर गुन्हे नावावर होते, त्यामुळे २५ वर्षं ते जन्मठेप. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम ठेवली. तीन काठ्या हो! २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनीच तो कायदा सौम्य केला, आता सहसा तिसरा गुन्हाही गंभीरच लागतो.

आता तुमच्या ‘फक्त’वर येते. घरी बसून घेतो त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते त्याच्या आईने बघावं. पण टेक्सासात पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी क्लास बी मिसडिमिनर, निदान ७२ तास आत, जास्तीत जास्त १८० दिवस. तिसऱ्या वेळी थर्ड डिग्री फेलनी, २ ते १० वर्षं. इलिनॉयमध्ये तिसऱ्या वेळी क्लास टू फेलनी. न्यूयॉर्कमध्ये दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडला तरी क्लास ई फेलनी. आणि न्यू जर्सीत हे सगळं ट्रॅफिकच्या कायद्यात मोडतं, तिसऱ्या वेळी १८० दिवस जेल होते पण त्याला क्राइम म्हणतच नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा पकडला तर तो गुन्हासुद्धा नाही, दंडाची पावती. असं असूनही काका, एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाला यातल्या कुठल्याच राज्यात सूट नाही, कारण २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द करू शकतं. शिक्षा लांब राहिली, केस उभी राहायच्या आधी. कॅबचे पैसे तुम्ही इथून पाठवा वाटल्यास.

प्रश्न: एकच देश आणि पन्नास कायदे, ही काय पद्धत झाली? आपल्याकडे बघा, काश्मीर ते कन्याकुमारी एक कायदा. आपण उगाच त्यांच्या व्यवस्थेचं कौतुक करतो असं माझं स्पष्ट मत आहे.
— एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: सर, तुम्ही बडोद्यात राहून हे लिहिलंत म्हणून मला जास्त मजा वाटली.

गेल्या दिवाळीत आमच्याकडचे एक नातेवाईक इंदुराहून बडोद्याला मुलीकडे निघाले, डिकीत फराळाचे डबे आणि डब्यांच्या मागे जावयासाठी एक बाटली. इथल्या दुकानातून बिल घेऊन घेतलेली, एकदम कायदेशीर. झाबुआ सोडलं, पिटोल ओलांडलं, आणि दाहोदच्या अलीकडे त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं की आपण गुजरातेत आलो. मग गाडी बाजूला घेऊन जे काही झालं ते मी लिहीत नाही, पण बाटली जावयापर्यंत पोचली नाही. बाटली तीच, बिल तेच, माणूस तोच. पिटोलच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडे गुन्हा, कारण दारू हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय आहे. तुमच्या राज्याचा दारूबंदी कायदा मूळ १९४९ चा मुंबई राज्याचा, २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यासाठीची शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड ५ लाखांपर्यंत गेला. परमिट असलं तर गोष्ट वेगळी. मग सर, काश्मीर ते कन्याकुमारी सोडा, इंदूर ते बडोदाही एक नाही.

पण तुमचं अर्ध बरोबर आहे, ते कबूल करते. चोरी, मारामारी, फसवणूक, खून यांना आपल्याकडे खरंच देशभर एक कायदा, आधी (२०१९ पर्यंत जम्मू-काश्मीर सोडून) १८६० चं भारतीय दंड विधान आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, मग ती आमच्या इंदूरच्या राजवाड्याजवळ केलेली असो की तुमच्या बडोद्याच्या मांडवीत. आणि नवीन संहितेत ५,००० रुपयांच्या आतली चोरी, पहिलीच वेळ आणि माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा आहे, वरच्या मावशींच्या न्यू जर्सीतल्या भाच्याला जी लागणार तीच जवळपास. अमेरिकेत मात्र उलटं आहे, तिकडे आधी राज्यं होती आणि मग त्यांनी मिळून देश केला, त्यामुळे चोरी-मारामारी हा राज्याचा घरचा विषय राहिला आणि केंद्राकडे टपाल, सरहद्द, बँका, राज्याराज्यांतून होणारा व्यवहार असलं उरलं. मध्ये १९६२ मध्ये तिथल्या कायदेपंडितांच्या एका संस्थेने नमुना म्हणून एक दंडसंहिता करून दिली, त्यात फेलनीचे तीन दर्जे होते, की बाबांनो निदान सारखं काहीतरी करा. कोणी तीन घेतले, कोणी चार, कोणी नऊ केले, कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि फार लांब कशाला जायचं, आमच्या इंदुरात संस्थानाच्या काळी राजवाड्याकडे होळकरांचा अंमल आणि रेसिडेन्सीत इंग्रजांचा, महूच्या छावणीतही इंग्रजांचाच. आमचे आजोबा सांगायचे की भांडण कुठे करायचं ते लोक आधी ठरवून घ्यायचे. आजोबांच्या बाकीच्या गोष्टींवरून मी यावर किती विश्वास ठेवायचा ते माझं मी बघते.

प्रश्न: ताई, नाव छापू नका. माझा भाऊ कोलोरॅडोत आहे, तिकडे गांजाच्या गोळ्या, जेलीसारख्या, दुकानात मिळतात म्हणे. सुट्टीत तो मित्रांबरोबर गाडीने टेक्सासला जाणारे. आईला काही माहीत नाही. हे सगळं लीगल आहे ना?
— इंदूर

उत्तर: नाव नाही छापलं. आता भावाला आज रात्रीच फोन कर.

कोलोरॅडोत २०१४ पासून दुकानात विकतात हे खरं. टेक्सासात नुसता गांजा दोन औंसांपर्यंत सापडला तर क्लास बी मिसडिमिनर, पण त्याचा अर्क घातलेली वस्तू, म्हणजे त्या जेली किंवा ओढायची ती पेन, यांचा हिशोब वेगळा. एक ग्रॅमच्या आत असलं तरी स्टेट जेल फेलनी, १८० दिवस ते २ वर्षं. आणि जेलीत वजन करताना साखर, जिलेटिन, रंग सगळं धरून वजन करतात, त्यामुळे एक पाकीट असलं की वरच्या पायरीवर जायला वेळ लागत नाही. पाकिटावर दुकानाचं बिल चिकटवलेलं असलं तरी काही उपयोग नाही, पिटोलवाली गोष्ट वर वाच.

तू म्हणशील आपल्याकडे तर भांगेचे सरकारी ठेके आहेत आणि शिवरात्रीला सगळे घेतात. आहेत, कारण आपल्या १९८५ च्या नशाबंदी कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या शेंड्याच्या फुलांची आहे, पानं त्यात धरलेली नाहीत. त्याच झाडाची फुलं खिशात सापडली तर इंदुरातही गुन्हा. झाड एक, कुठला भाग तोडला त्यावर तुरुंग. तिकडे झाड एक, कुठल्या राज्यात उभा आहेस त्यावर तुरुंग. आणि अमेरिकेत व्हिसावर असलेल्या माणसाने तर कोलोरॅडोतल्या दुकानाच्याही पायऱ्या चढू नयेत, कारण केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बंदी असलेल्या अमली पदार्थांतच आहे आणि इमिग्रेशन केंद्राचं. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव, मी असते तर सांगितलं असतं.

प्रश्न: वकील मॅडम, सा. न. वि. वि. माझी मुलगी बोस्टनला आहे, पहिलं बाळंतपण आहे म्हणून आम्ही दोघं जाणार. व्हिसाचा फॉर्म भरताना प्रश्न आला की कधी अटक झाली आहे का. १९८३ मध्ये कॉलेजच्या निवडणुकीत मारामारी झाली होती, माझ्यावर ३२३ ची केस लागली, एक रात्र थान्यात काढली, पुढे राजीनामा झाला. जावई म्हणतात फेलनी नाही ना, मग ‘नाही’ लिहा. सौ. म्हणते खरं लिहा. काय लिहू?
— ग्वाल्हेर, लष्कर

उत्तर: काका, सौ. काकूंचं ऐका. चाळीस वर्षांत ही सवय नसेल तर आता लावून घ्या.

जावयांचं चुकतंय ते असं की फॉर्ममध्ये फेलनी झाली का असं विचारलेलंच नाही. विचारलंय अटक झाली का किंवा शिक्षा झाली का, आणि पुढे असंही लिहिलंय की माफी मिळाली असली तरी सांगा. तुम्ही एक रात्र आत होतात, म्हणजे उत्तर ‘हो’. आपल्या कायद्यात फेलनी नावाचा प्रकार नाही, आपल्याकडे दखलपात्र-अदखलपात्र आणि जामीनपात्र-अजामीनपात्र. त्यामुळे आपला गुन्हा त्यांच्या कुठल्या खान्यात बसतो हे ठरवायचं काम व्हिसा अधिकाऱ्याचं, जावयांचं नाही.

आणि ३२३ म्हणजे साधी दुखापत, तेव्हाच्या कायद्यात जास्तीत जास्त एक वर्ष. चोरी किंवा फसवणूक त्यांना जास्त खुपते, साधी मारामारी सहसा नैतिक अधःपतनात धरत नाहीत, त्यात तुमचा राजीनामा झालाय म्हणजे शिक्षा नाहीच. या एका रात्रीमुळे व्हिसा अडकायची शक्यता कमी, पण ‘नाही’ लिहिलं आणि नंतर उघड झालं तर खोटं बोलून व्हिसा घ्यायचा प्रयत्न केला म्हणून कायमचं दार बंद होऊ शकतं. मारामारीचं माफ होईल, खोट्याचं होणार नाही.

एक बारीक गोष्ट. राजीनामा हा शब्द आपल्या मध्य प्रदेशच्या कोर्टातला आहे, दोन्ही पक्षांची तडजोड झाली या अर्थाने. मुंबई-पुण्याकडच्या कोणाकडून फॉर्म भरून घेतलात तर ते समजतील की तुम्ही नोकरी सोडली, आणि इंग्रजीतही तसंच लिहून टाकतील. माझ्या एका अशिलाचं अगदी असंच झालं होतं, इंटरव्ह्यूला अधिकाऱ्याने विचारलं की मारामारीनंतर तुम्ही कुठल्या पदाचा राजीनामा दिलात. तेव्हा इंग्रजीत नीट लिहून घ्या की पक्षकारांत तडजोड झाली आणि आरोपी दोषमुक्त झाला.

सोबत त्या आदेशाची सर्टिफाइड नक्कल लागेल. १९८३ ची फाइल आहे, ती रेकॉर्ड रूममध्ये गेली असणार, नंबर आठवत नसेल तर वर्ष, थाना आणि त्या वेळच्या बाकीच्या आरोपींची नावं लिहून नक्कल शाखेत अर्ज टाका. बाळंतपणाची तारीख काय आहे ते लिहिलं नाहीत, पण फाइल शोधायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज या आठवड्यातच टाका.